अमेरिकेतील कौंटी-न्यायालयांची दप्तरे

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे आजोबांच्या तोंडून नातवापर्यंत चालत आलेली आहे. तीत अनुभवाचे शहाणपण आहे यात शंका नाही. परंतु ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांच्या डोळ्यांपुढे ईर्ष्येने दावा लावणारा वादी आणि घर गहाण टाकून तो लढवणारा प्रतिवादी होता. ज्याला कोणाशीही भांडावयाचे नाही, केवळ पूर्वी लागलेल्या एखाद्या निकालाची नक्कल पाहिजे आहे, अशा माणसाचा विचार त्या म्हणीत नाही. अशा माणसाला कोर्टाची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नसते. आणि ते कोर्ट सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत असले, म्हणजे पायरी कोणती, दार कोणते आणि दाराशी बसलेल्या अधिकाऱ्याकडे नेमके काय मागावयाचे, हे ठाऊक असल्याखेरीज त्याचा निभाव लागत नाही.

आपल्या शहरांतील अनेक कुटुंबांचे आप्त आज अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. तेथे त्यांचे संसार उभे राहतात, क्वचित मोडतातही. कोणाच्या मृत्युपत्राचे प्रोबेट होते, कोणा अज्ञान मुलाच्या पालकत्वाचा हुकूम होतो, कोणी आपले नाव बदलून घेतो. या प्रत्येक घटनेचा कागद तेथील एखाद्या न्यायालयाच्या दप्तरात पडून राहतो. दहा-पंधरा वर्षांनी पुण्याच्या एखाद्या बँकेला, नागपूरच्या एखाद्या कचेरीला किंवा पुनर्विवाहाची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला तो कागद पाहिजे असतो; आणि मग घरच्या मंडळींच्या ध्यानात येते की, कागद कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतो, वॉशिंग्टनला पत्र टाका. कोणी म्हणतो, आपल्या वकिलातीत विचारा. दोन्ही ठिकाणी तो कागद नसतो. तो असतो कौंटीच्या कचेरीत.

कौंटी म्हणजे स्थूल मानाने आपल्याकडील जिल्हा. अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत आणि त्यांच्या पोटात तीन हजारांहून अधिक कौंट्या आहेत. लुइझियाना राज्यात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो म्हणतात. नाव वेगळे, वस्तू तीच. परंतु सगळ्या कौंट्या सारख्या नाहीत. 2020 च्या शिरगणतीत लॉस एंजेलिस कौंटीची लोकसंख्या एक कोटीच्या घरात भरली, तर टेक्सासमधील लव्हिंग कौंटीत अवघी 64 माणसे मोजली गेली. पहिल्या ठिकाणी दप्तर सांभाळण्यासाठी मोठमोठ्या इमारती आणि शेकडो नोकर लागतात. दुसऱ्या ठिकाणी सारा कारभार एका लहानशा कचेरीत मावतो. तरीही निकाल लागला की त्याची नोंद करावयाची, कागद जपावयाचे आणि मागणाऱ्याला दाखवावयाचे, हे कर्तव्य दोन्ही ठिकाणी सारखेच.

मागणाऱ्याला दाखवावयाचे, हे शब्द नीट लक्षात घेतले पाहिजेत. अमेरिकेतील न्यायपद्धती मूळची इंग्लंडातून आलेली. इंग्लंडातील जुना प्रघात असा की, ज्याचा त्या कागदात काही हितसंबंध आहे, त्यानेच तो पाहावा. अमेरिकेने हा प्रघात जसाच्या तसा उचलला नाही. तेथे सामान्यतः मागणाऱ्याला, तू कोण आणि तुला हा कागद कशाला पाहिजे, असे विचारले जात नाही. 1978 साली निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मान्य केले: न्यायालयाचे कागद पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला आहे. हा हक्क अनिर्बंध नाही, योग्य कारणासाठी न्यायाधीश त्याला आळा घालू शकतो, असेही त्याच निकालात म्हटले आहे. परंतु नियम उघडेपणाचा आणि अपवाद झाकण्याचा, हा क्रम कायम झाला.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आपल्याकडे 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, तसा अमेरिकेत 1966 सालीच एक कायदा झाला. पुष्कळ लोक त्या कायद्याचा आधार देऊन न्यायालयाकडे कागद मागतात. तो कायदा मध्यवर्ती सरकारच्या कार्यकारी खात्यांपुरता आहे. न्यायालयांना तो लागू नाही. न्यायालयाचे कागद न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनी मिळतात, आणि बहुधा अधिक सुलभपणे मिळतात.

या जुन्या कागदांचे एवढे महत्त्व ते काय, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर एका भारतीय माणसाच्या चरित्रातच सापडते. सखाराम गणेश पंडित हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातून अमेरिकेस गेले. 1914 साली लॉस एंजेलिस कौंटीच्या सुपीरियर कोर्टाने त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व दिले. त्या काळी नागरिकत्व देण्याचा अधिकार मध्यवर्ती न्यायालयांप्रमाणे कौंटीच्या न्यायालयांनाही होता. पुढे पंडित तेथे वकिली करू लागले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व मिळण्यास अर्जदार 'गोरा' असणे आवश्यक होते, किंवा तो आफ्रिकी वंशाचा असावा लागे. भारतीय मनुष्य यांत कोठे बसतो, याविषयी न्यायालयांत एकमत नव्हते. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भारतीय मनुष्य त्या कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे. थिंड यांची बाजू मांडणारे वकील पंडितच होते.

या निर्णयाचा आधार घेऊन सरकारने, ज्या भारतीयांना पूर्वीच नागरिकत्व मिळाले होते, त्यांच्याविरुद्ध ते रद्द करण्याचे दावे लावले. अनेकांचे नागरिकत्व गेले. एका माणसाने तर याच दुःखात 1928 साली आत्महत्या केली. पंडितांवरही दावा आला. त्यांच्या बचावाचा गाभा होता 1914 सालचा कौंटी-न्यायालयाचा निकाल. ज्या प्रश्नाचा निर्णय एका अधिकारी न्यायालयाने एकदा दिला आहे आणि ज्याविरुद्ध सरकारने त्या वेळी अपील केले नाही, तो प्रश्न आता पुन्हा उकरून काढता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. 1926 साली अपील-न्यायालयाने ते मान्य केले. 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा पुढील अर्ज ऐकण्यास नकार दिला. आणि त्यानंतर सरकारने अशा प्रकारच्या दाव्यांतून हात आखडता घेतला. भारतीयांना नागरिकत्वाचे दार कायद्याने उघडले ते 1946 साली. मधल्या वीस वर्षांत या एका माणसाचे, त्याच्या घराचे आणि धंद्याचे रक्षण केले ते कौंटीच्या दप्तरातील एका नोंदीने. ती नोंद नसती अथवा सापडली नसती, तर उत्तम वक्तृत्वही पंडितांच्या फारसे कामी आले नसते.

दुसरे उदाहरण त्याहूनही जुने आहे. मिसुरी राज्यातील सेंट लुई येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलामगिरी कायदेशीर होती. तथापि 1824 च्या कायद्याने, अन्यायाने गुलामीत ठेवलेल्या मनुष्याला न्यायालयाकडे अर्ज करून स्वातंत्र्याचा दावा लावण्याची मुभा दिली होती. असे तीनशेहून अधिक दावे सेंट लुईच्या सर्किट कोर्टात लागले. 6 एप्रिल 1846 रोजी ड्रेड स्कॉट आणि त्याची पत्नी हॅरिएट यांनी असेच अर्ज केले. ड्रेड स्कॉटला सही करता येत नव्हती. त्याने अर्जावर फुलीची निशाणी केली. 1850 साली ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला, 1852 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि 1857 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय तर देशाला यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर नेणाऱ्या कारणांपैकी एक ठरला. तो निर्णय जगाला ठाऊक आहे. परंतु उरलेल्या शेकडो माणसांचे काय? त्यांतील बहुतेकांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत. त्यांची नावे, त्यांच्या मुलांची नावे, त्यांना कोठून कोठे नेण्यात आले याची हकीकत, हे सारे त्या घडी घालून ठेवलेल्या अर्जांतच राहिले. गेल्या शतकाच्या अखेरीस राज्याच्या पुराभिलेख खात्याने ते कागद उलगडून, साफ करून, सूचीबद्ध केले. आज ते घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. पेशवे दप्तराचे रुमाल सुटू लागले तेव्हा मराठी संशोधकांना जो आनंद झाला असेल, त्याची कल्पना असणाऱ्यांना या कामाचे मोल निराळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कागद शोधणाराने स्वतःस विचारावयाचा पहिला प्रश्न असा: प्रकरण मध्यवर्ती न्यायालयाचे की राज्याच्या न्यायालयाचे? दिवाळखोरी, पेटंट, मध्यवर्ती कायद्याखालील गुन्हे, ही कामे मध्यवर्ती न्यायालयांत चालतात. त्यांची दप्तरे 'पेसर' या नावाच्या एकाच व्यवस्थेत पाहता येतात आणि त्यास पानामागे दहा सेंट आकार पडतो. परंतु घटस्फोट, मृत्युपत्र, पालकत्व, नावबदल, घरभाड्याचे तंटे, बहुतेक फौजदारी खटले आणि बहुतेक दिवाणी दावे ही सर्व राज्याच्या न्यायालयांची कामे असून त्यांची दप्तरे सामान्यतः कौंटीत असतात. पेसरमध्ये शोधून सापडले नाही, म्हणून कागदच नाही असे मानणे ही वारंवार होणारी चूक होय.

दुसरा प्रश्न: कौंटी कोणती? मनुष्य कोणत्या शहरात राहत होता एवढे सांगून भागत नाही, कारण एकच शहर दोन-तीन कौंट्यांत पसरलेले असू शकते. ढोबळ नियम असे आहेत. घटस्फोटाचा कागद जेथे अर्ज दाखल झाला त्या कौंटीत असतो, आणि अर्ज बहुधा पतिपत्नींपैकी एकाच्या राहण्याच्या ठिकाणी दाखल होतो. विवाह कोठे झाला याला येथे महत्त्व नाही. मृत्युपत्राचा कागद मृताचे अखेरचे वास्तव्य जेथे होते तेथे. जमिनीचा दावा जमीन असेल तेथे. गुन्ह्याचा खटला गुन्हा घडला तेथे. सेंट लुईचे उदाहरण येथेही उपयोगी पडते. त्या शहराने 1876 साली आपल्याच कौंटीपासून फारकत घेतली. तेव्हापासून सेंट लुई शहर निराळे आणि सेंट लुई कौंटी निराळी. दोघांची न्यायालये वेगळी, दप्तरे वेगळी. एकीकडे अर्ज केला आणि कागद दुसरीकडे असला, तर 'आढळ नाही' एवढेच उत्तर यावयाचे.

तिसरा प्रश्न: त्या कौंटीतील कोणते न्यायालय आणि कोणता अधिकारी? येथे नावांचा मोठा घोटाळा आहे. कॅलिफोर्नियात कौंटीच्या न्यायालयाला सुपीरियर कोर्ट म्हणतात, इलिनॉय आणि मिसुरीत सर्किट कोर्ट, पेनसिल्व्हेनियात कोर्ट ऑफ कॉमन प्लीज. न्यूयॉर्कमध्ये तर गंमतच आहे. तेथे सुप्रीम कोर्ट हे सर्वांत वरचे न्यायालय नसून दावे प्रथम जेथे चालतात ते न्यायालय आहे. घटस्फोट तेथे होतो, मृत्युपत्राचे काम मात्र सरोगेट कोर्टात चालते. दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला बहुतेक ठिकाणी क्लार्क म्हणतात. या शब्दावरून आपल्याकडील कारकून डोळ्यांपुढे आणू नये. हा खातेप्रमुख असून पुष्कळ कौंट्यांत तो लोकांनी निवडून दिलेला असतो. टेक्सासमध्ये सामान्यतः डिस्ट्रिक्ट क्लार्क आणि कौंटी क्लार्क असे दोन निरनिराळे अधिकारी असतात. पेनसिल्व्हेनियात दिवाणी दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला बहुतेक कौंट्यांत प्रोथोनोटरी असे जुनाट नाव आहे. मुंबईकर श्रोत्यांना ते नाव अपरिचित वाटू नये, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही प्रोथोनोटरी हे पद आहे. एकाच इंग्रजी मुळापासून फुटलेल्या या दोन फांद्या होत.

न्यायालय निश्चित झाले की सूचीकडे वळावे. प्रत्येक कचेरीत वादींच्या आणि प्रतिवादींच्या नावांची सूची असते. जुन्या काळी ती मोठ्या वह्यांत असे, पुढे सूक्ष्मपटावर गेली, आता संगणकावर आहे. नावावरून खटल्याचा क्रमांक सापडतो आणि क्रमांक हीच खरी किल्ली. क्रमांकावरून रोजनामा काढता येतो. कोणत्या तारखेस कोणता अर्ज आला, कोणता हुकूम झाला, याची ती यादी असते. रोजनामा आधी वाचावा आणि मग त्यातून पाहिजे तेवढेच कागद मागावे. सबंध मिसल मागणारा पैसाही घालवतो आणि वेळही.

मराठी नावांच्या बाबतीत येथे विशेष सावधगिरी पाहिजे. आपल्या नावात मध्ये वडिलांचे अथवा पतीचे नाव येते. तेथील सूचीत ते कधी गळते, कधी त्याचे आद्याक्षर राहते, तर कधी तेच आडनाव समजून नोंदले जाते. एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंगे दोन-तीन तऱ्हांनी होतात. विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही पाहिली पाहिजेत. आज ती व्यक्ती कोणत्या नावाने ओळखली जाते हे गौण. दावा ज्या नावाने चालला, त्या नावाखालीच नोंद सापडेल.

मिसुरी, मेरीलँड, विस्कॉन्सिन अशा काही राज्यांनी राज्यभरच्या खटल्यांची सूची एकाच ठिकाणी संगणकावर खुली केली आहे. कॅलिफोर्नियात मात्र प्रत्येक कौंटीची व्यवस्था वेगळी. अशा सूचीवर विसंबताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, तेथे पुष्कळदा केवळ रोजनामा दिसतो, मूळ कागद दिसत नाही. दोन, संगणक येण्यापूर्वीची प्रकरणे तेथे बहुधा नसतात; ती गोदामात किंवा राज्याच्या पुराभिलेखागारात असतात आणि तेथून आणवण्यास काही दिवस लागतात. शिवाय, पैसे घेऊन 'सर्व कोर्टांचे कागद' मिळवून देण्याची जाहिरात करणाऱ्या खासगी कंपन्या पुष्कळ आहेत. कचेरी जे अल्प आकारात देते, त्यासाठी त्या अनेकदा अधिक मोल घेतात. आणि त्यांनी दिलेल्या उताऱ्यावर न्यायालयाचा शिक्का नसतो.

ज्याला प्रत्यक्ष जाणे शक्य नाही, त्याने क्लार्कच्या नावे पत्र लिहावे. त्यात उभय पक्षांची पूर्ण नावे, प्रकरणाचा प्रकार, अंदाजे वर्ष, ठाऊक असल्यास क्रमांक, आणि कोणता कागद पाहिजे, इतके असले म्हणजे पुरे. आपली कौटुंबिक हकीकत लिहिण्याचे कारण नाही. शोधाचा आकार, पानामागे नकलेचा आकार आणि शिक्क्याचा आकार किती, हे राज्याराज्यांत भिन्न असते. ते आधी विचारून घ्यावे. आणि नक्कल साधी पाहिजे की प्रमाणित, हे न चुकता लिहावे. साधी नक्कल वाचण्यापुरती. प्रमाणित नकलेवर, ही मूळ कागदाशी ताडून पाहिली आहे, असा क्लार्कचा दाखला, सही व शिक्का असतो. घटस्फोटाच्या बाबतीत आणखी एक भेद आहे: काही राज्यांचे आरोग्य-खाते घटस्फोट झाल्याचा एक त्रोटक दाखला देते, परंतु तो न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. मुलांचा ताबा, पोटगी, मिळकतीची वाटणी यांविषयीच्या अटी हुकूमनाम्यातच सापडतात.

प्रमाणित नकलेचे महत्त्व किती, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 सालच्या एका निकालावरून दिसून येते. एका पतीने सेंट लुई कौंटीच्या सर्किट कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि त्याच्या आधारावर दुसरा विवाह केला. पहिल्या पत्नीने भारतात फिर्याद केली. पतीने अमेरिकेतील निकालाची छायाप्रत पुढे केली. न्यायालयाने सांगितले की परदेशी निकालाची नक्कल पुराव्याच्या कायद्यास अनुसरून रीतसर प्रमाणित झालेली असली पाहिजे. तशी रीतसर प्रमाणित नसलेली छायाप्रत चालणार नाही. एवढ्यावरच ते थांबले नाही. मूळ हुकूमनामाही भारतात मान्य होण्याजोगा नाही, कारण उभयतांचा विवाह ज्या हिंदू विवाह कायद्याखाली झाला, त्या कायद्याने मान्य केलेले न्यायालय ते नव्हते आणि घटस्फोटाचे कारणही त्या कायद्यात बसणारे नव्हते, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून हे पक्के ध्यानात ठेवावे की प्रमाणित नक्कल हा पुराव्याचा आरंभ होय. निकाल येथे लागू पडतो की नाही, हा निराळा प्रश्न असून त्यासाठी जाणत्या वकिलाचाच सल्ला घ्यावा लागतो.

आज या कामी एक सोय झाली आहे. परदेशी कागदांना एकाच प्रकारच्या दाखल्याने मान्यता मिळावी म्हणून 1961 साली हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या दाखल्याला ॲपोस्टील म्हणतात. अमेरिकेत हा करार 1981 पासून आणि भारतात 2005 पासून अमलात आहे. कौंटीच्या क्लार्ककडून प्रमाणित नक्कल घ्यावी आणि त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून किंवा त्या राज्याने नेमलेल्या कचेरीकडून तिच्यावर ॲपोस्टील घ्यावे, हा क्रम. एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्याच्या कचेरीत नेऊन उपयोग नाही.

इतका उघडेपणा सर्वथा हितावहच आहे काय? या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही. काही कागद कायद्यानेच झाकलेले असतात. दत्तकाची प्रकरणे आणि बालगुन्हेगारांची प्रकरणे बहुतेक राज्यांत बंद असतात. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची मिसल फक्त पक्षकार आणि त्यांचे वकील यांनाच पाहता येते. इतरांनी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. परंतु जे खुले आहे, त्यानेही माणूस जखमी होतो. पूर्वी कागद पाहण्यासाठी कचेरीत जावे लागे, वही चाळावी लागे; त्या कष्टांतच एक नकळत आडपडदा होता. आता घरमालक भाडेकरूचे नाव संगणकावर टाकतो आणि त्याच्यावर एके काळी घर खाली करण्याचा दावा लागला होता एवढे पाहून त्याला नकार देतो. तो दावा फेटाळला गेला असेल, कदाचित खोटाही असेल. तितके खोलात कोण जातो? ज्याच्यावर आरोप झाला पण शाबीत झाला नाही, त्याचीही हीच गत. हा अन्याय ओळखून पेनसिल्व्हेनियाने 2018 साली कायदा केला. शिक्षा न झालेली प्रकरणे आणि ठराविक काळ निर्दोष वागणाऱ्या माणसाचे किरकोळ जुने गुन्हे अर्ज न करताच झाकले जावेत, अशी व्यवस्था करणारे ते पहिले राज्य. पुढे अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. न्यायाधीशाच्या कामावर लोकांची नजर राहावी म्हणून दप्तर खुले ठेवले आहे. शेजाऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यासाठी नव्हे. हा विवेक कायद्याने काही अंशी येतो, बाकीचा वाचणाऱ्याच्या ठायी असावा लागतो.

आणि दप्तर नाहीसे झाले तर काय होते, तेही पाहावे. 1871 च्या ऑक्टोबरात शिकागो शहर जळाले. त्या आगीत कुक कौंटीचे न्यायालय आणि त्यातील कागद भस्मसात झाले. घरे पुन्हा बांधता आली. परंतु ज्या जमिनीवर ती बांधावयाची, ती कोणाची, हे सांगणारे दप्तरच उरले नव्हते. तेव्हा जळालेल्या दप्तरांच्या जागी हक्क पुन्हा शाबीत करण्यासाठी इलिनॉयला 1872 साली निराळा कायदा करावा लागला. ज्यांच्या पेटीत जुनी प्रमाणित नक्कल होती, त्यांचे काम सुलभ झाले असणार, हे उघड आहे.

आपल्याकडील व्यवस्थेशी याची तुलना करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. जिल्हा न्यायालयांत नकलेची शाखा आणि रेकॉर्ड रूम असतेच. अलीकडे प्रत्येक खटल्याला सोळा खुणांचा एक क्रमांक मिळतो आणि त्यावरून प्रकरणाची स्थिती कोणालाही पाहता येते. मात्र त्रयस्थ माणसाने नक्कल मागितली तर ती माहितीच्या अधिकाराखाली नव्हे, उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागितली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका प्रकरणात 2020 साली ठरवले. आणि त्या नियमांत त्रयस्थाला कारण सांगावे लागते. अमेरिकेत सामान्यतः कारण विचारत नाहीत, येथे विचारतात. दोन्ही पद्धतींच्या मागे काही विचार आहे. कोणती अधिक चांगली, याचा निर्णय श्रोत्यांनीच करावा.

एवढे मात्र खरे की कायद्याने दप्तर खुले केले म्हणून ते सामान्य माणसाला खुले होत नाही. न्यायालय कोणते, सूची कोणती, नाव कोणते आणि शब्द कोणता, हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते खुले. लिहिता न येणाऱ्या ड्रेड स्कॉटला अर्ज लिहून देणारे कोणी भेटले, म्हणून त्याचे म्हणणे दप्तरात आले. ज्यांची मुलेबाळे आज परदेशी आहेत, त्यांनी निदान इतके करावे: जेथे काही हुकूम झाला असेल, त्या न्यायालयाचे नाव, कौंटीचे नाव आणि प्रकरणाचा क्रमांक एका कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा, आणि हुकूम झाल्याबरोबर दोन प्रमाणित नकला घेऊन ठेवाव्या. त्या दिवशी हे काम थोड्या खर्चात आणि थोड्या श्रमात होते. वीस वर्षांनी, माणसे पांगल्यावर आणि आठवणी पुसट झाल्यावर, त्याच कामासाठी वृद्ध आईबापांना पत्रामागून पत्र लिहीत बसावे लागते.